कुऱ्हाड चालवायची कुठे?

लाकूड पुरत नाही, तर जंगलाची सघन जोपासना करून हेक्टरी उत्पादन वाढवा, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. त्यामागचा हिशेब असा, की वाकडेतिकडे मिश्र जंगल साफ करून एका जातीचे रोपवन उभे केले की झाले. १९७४ साली निघालेल्या वनविकास महामंडळाने विदर्भात मिश्र जंगल तोडून साग लावण्याचा हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केलाच आहे. पण पूर्व विदर्भातल्या खोल मातीचे गणित बुलढाण्याला लागू पडत नाही. इथे अजिंठ्याच्या रांगांवर वीतभर मातीखाली मुरूम लागतो. तिथला साग बल्लीच्या, म्हणजे बारीक खांबाच्या, पुढे क्वचितच जातो. सालई, धावडा, अंजन तिथे तग धरतात, कारण खडकाच्या भेगेत मुळे घालणे त्यांना जमते. ती काढून लावणार काय?

शिवाय बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्याचे २०५ चौरस किलोमीटर आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पातला अंबाबरवा या हिशेबात धरताच येत नाहीत. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला वाघ २०१९ मध्ये ज्ञानगंगेत पोचला, तो असल्याच ‘निरुपयोगी’ झाडोऱ्याच्या आडोशाने. आणि उद्योगांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांच्या साहाय्याने पिकवावा, नैसर्गिक जंगलाकडे पाहू नये, हे तर १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीनेच सांगून ठेवले आहे.

मग झाडाला हातच लावू नये, असे म्हणणारेही आहेत. त्यांचे प्रेम खरे, पण रोपवनात ते घातक ठरते. दोन-दोन मीटरवर साग लावला की हेक्टरी अडीच हजार रोपे होतात. वेळेवर विरळणी झाली नाही, तर सगळीच उजेडासाठी वर धावतात आणि मनगटाएवढी राहतात. तोडलेल्या सागाच्या बुंध्याला पाच-सहा फुटवे येतात. त्यातला एक जोमदार ठेवून बाकीचे छाटायचे आणि ढोरांपासून राखायचे, एवढे काम केले तरी नवे रोप न लावता बल्ली मिळते. सघन जोपासना ती हीच. फोटो मात्र वृक्षारोपणाचा निघतो, विरळणीचा नाही.

लाकूड वाढवायची खरी जागा जंगलाबाहेर आहे. इंग्रजी अमदानीत वऱ्हाडच्या वनखात्याने काळ्या मातीतली बाभूळबने मुद्दाम राखली होती. वखर, तिफण, बैलगाडीचे चाक आणि चुलीचे सरपण यांची सोय बाभळीनेच केली. आज धुऱ्यावरची बाभूळ सावलीने पीक मारते म्हणून जाते. तक्रार खोटी नाही, पण दर दोन-तीन वर्षांनी फांद्या छाटल्या तर सावली आटते आणि सरपणही मिळते. गावोगावच्या ई-क्लास, म्हणजे गायरान, जमिनीवर अतिक्रमणाऐवजी बाभूळबन उभे राहिले, तर सरपणासाठी डोंगरावर कोणी मोळी बांधायला जाणार नाही.

धुऱ्यावर साग किंवा अंजन लावणाऱ्याची गोष्ट वेगळी. ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. स्वतःचे झाड तोडायला परवानगी, न्यायला वाहतूक परवाना. हेलपाटे नकोत म्हणून माणूस उभे झाडच ठेकेदाराला पडेल त्या भावात देतो. नियम सैल केले तर जंगलातला साग शेतातला म्हणून विकला जाईल, ही भीती रास्त आहे. म्हणून झाड लावतानाच त्याची सात-बारावर नोंद व्हावी आणि नोंद असलेल्याला तोडीच्या वेळी पुन्हा अडवू नये. २०१७ मध्ये जंगलाबाहेरचा बांबू ‘झाडा’च्या व्याख्येतून काढलाच ना? तीच सवलत नोंदवलेल्या सागाला द्यायला नवे संशोधन लागत नाही, मंत्रालयातली एक सही लागते.