थार: २०२२ची की २०२३ची?

नातवाला थार घ्यायचीय, सेकंडहँड. परवा मलाही दोन गाड्या दाखवायला नेलं. एक २०२२ची, एक २०२३ची. मंडळी, दिसायला जुळ्या बहिणी! पण मास्तरकीची खोड, वाकून खाली बघितलंच.

२०२०ला नवी थार आली तेव्हापासून २०२२पर्यंतची प्रत्येक गाडी फोर-बाय-फोर. जानेवारी २०२३ला फक्त मागच्या चाकांवर चालणारीही आली, ९.९९ लाखांपासून. चार मीटरच्या आत लांबी, दीड लिटरचं डिझेल, म्हणून कर कमी. ही २०२३ची त्यातलीच. शहरात फरक कळायचाही नाही.

पण आमच्या कोकणातल्या घराची उतरण आषाढात नुसता चिखल. गेल्या पावसाळ्यात हिला ताप भरला, तर भाड्याची गाडी वरच थांबली. चौघांनी हिला खुर्चीत बसवून वर नेलं. नातू म्हणतो, "आजोबा, वर्षातून दोनदा जाणार, त्यासाठी जास्त पैसे?" मी म्हटलं, त्या दोनदांसाठीच. माझं मत २०२२ला.

मागे बसायला मात्र दोन्हींत पुढची सीट वाकवून चढावं लागतं. हिचे गुडघे! ही म्हणाली, "मी पुढे बसेन." म्हणजे मागे कोण, ते ओघानं आलंच.