‘सार्थक’ फरकाचे निरर्थक वाक्य

‘प्राप्त एफ मूल्य तक्त्यातील मूल्यापेक्षा अधिक असल्याने ०.०५ या स्तरावर शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात येत आहे.’

वाचनाभिरुची, रसग्रहणक्षमता, भाषिक कौशल्ये असे विषय घेतलेल्या मराठीच्या प्रबंधांत हे वाक्य आता मंगलाचरणासारखे येते. वर एक तक्ता, खाली हे वाक्य आणि लगेच पुढची परिकल्पना. एका मौखिक परीक्षेत आम्ही उमेदवाराला साधा प्रश्न विचारला, ‘तीन गटांपैकी नेमका कोणता गट वेगळा आहे?’ उत्तर आले, ‘सर, संगणकाने फरक सार्थक दाखवला आहे.’ मार्गदर्शकांनी पुस्ती जोडली, ‘आकडे आहेत, म्हणजे काम शास्त्रीय आहे.’ पदवी अर्थातच मिळाली.

संख्याशास्त्राला सोवळ्यात शिरू देऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. आमची तक्रार आपल्याविरुद्धच आहे. कवितेतल्या एका क्रियापदावर तासभर बोलणारे आपण तक्ता समोर आला की हात जोडून उभे राहतो. वास्तविक प्रसरण विश्लेषणाचा निष्कर्ष हेही एक विधानच असते. त्याचा कर्ता कोण, कर्म काय, अर्थाची मर्यादा कोणती, हे विचारणे भाषेच्या माणसाचेच काम आहे.

प्रथम त्या ‘सार्थक’ शब्दाचेच पाहू. मराठीत जन्माचे सार्थक होते, कष्टांचे सार्थक होते. संख्याशास्त्रातील सार्थकतेला ही पुण्याई नाही. तिचा अर्थ इतकाच, की गटांत मुळात फरक नसता, तर एवढे किंवा याहून मोठे एफ मूल्य क्वचितच हाती लागले असते. फरक मोठा आहे, महत्त्वाचा आहे किंवा त्याचे कारण सापडले आहे, यांतले काहीही त्यातून सिद्ध होत नाही. त्याचप्रमाणे फरक सार्थक न येणे म्हणजे फरक नसणे नव्हे. एखादा पाठभेद आपल्याला मिळालेल्या पोथ्यांत नाही, एवढ्यावरून तो कधीच नव्हता असे कोणताही पाठचिकित्सक म्हणणार नाही. प्रबंधात मात्र ‘शून्य परिकल्पनेचा स्वीकार’ बिनदिक्कत होतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. शहरी, निमशहरी व ग्रामीण महाविद्यालयांतील प्रत्येकी ३० विद्यार्थी. २५ गुणांची रसग्रहण चाचणी. सरासरी अनुक्रमे १४.२, १३.१ आणि १२.४, प्रत्येक गटाचे प्रमाण विचलन २.६. एफ मूल्य येते ३.६५, तक्त्यातील मूल्य सुमारे ३.१०. झाले! ‘तिन्ही गटांच्या रसग्रहणक्षमतेत सार्थक फरक आहे’ असे वाक्य लिहून प्रकरण मिटते.

ते वाक्य चूक आहे. एफ फक्त एवढेच सांगतो, की तिन्ही सरासऱ्या सारख्याच मानणे अवघड आहे. कोणती कोणापासून वेगळी, हे पाहण्यासाठी टुकीसारखी पुढची चाचणी लागते. ती लावली तर या उदाहरणात केवळ शहरी व ग्रामीण ही जोडी वेगळी ठरते. निमशहरी गट दोघांपैकी कोणापासूनही वेगळा ठरत नाही. म्हणजे नीट लिहायचे तर असे लिहावे लागेल: ‘गटांच्या सरासरीत फरक आढळला, एफ (२, ८७) = ३.६५, पी = ०.०३०, ईटा वर्ग = ०.०८, टुकी चाचणीनुसार हा फरक शहरी व ग्रामीण गटांपुरता आहे.’ सोबत सरासऱ्या, विचलने आणि विद्यार्थिसंख्या. कंसातील २ म्हणजे गटांच्या संख्येतून एक वजा, ८७ म्हणजे ९० विद्यार्थ्यांतून तीन गट वजा; हे आकडे नसतील तर वाचकाला एफ तपासता येत नाही.

या सगळ्यात महत्त्वाचा आकडा तो ०.०८ आहे आणि नेमका तोच प्रबंधांतून गायब असतो. गुणांतील एकूण चढउतारापैकी केवळ आठ टक्के चढउतार गटांमधील आहे. उरलेला ब्याण्णव टक्के गटांच्या आतला, एकाच वर्गातल्या मुलामुलांमधला. गुणांची विभागणी घंटाकृती मानली, तर ग्रामीण गटातील सुमारे एक चतुर्थांश विद्यार्थी शहरी सरासरीच्या वर आहेत. तरीही प्रबंधाच्या सारांशात वाक्य उतरते, ‘ग्रामीण विद्यार्थ्यांची रसग्रहणक्षमता कमी असते.’ ते पुढच्या प्रबंधात ‘पूर्वसंशोधन’ म्हणून जाते, मग कार्यशाळेत, मग शिक्षकांच्या खोलीत. आमच्या वर्गात एसटीने येऊन बसणाऱ्या मुलीवर हा शिक्का कोणी मारला? एका न वाचलेल्या तक्त्याने.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक गट एकाच महाविद्यालयातला असेल, तर दिसलेला फरक गावाचा की तिथल्या मराठीच्या शिक्षकाचा? कितीही दशांशस्थळे दिली तरी हे विश्लेषण त्याचे उत्तर देऊ शकत नाही. हे तंत्र घडवणारे रोनाल्ड फिशर इंग्लंडमधील रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करत होते. १९२५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी ते संशोधकांपुढे मांडले. कोणत्या वाफ्याला कोणते खत, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे यदृच्छेने ठरावे, असा त्यांचा आग्रह होता. आपण कोणत्या मुलाने कोणत्या गावात जन्मावे याच्या चिठ्ठ्या टाकलेल्या नसतात. म्हणून ‘गावामुळे’ हा शब्द लिहिण्याचा अधिकार आपल्याला तक्ता देत नाही.

‘पण पद्धतिशास्त्र सक्तीचे आहे ना!’ असे आम्हाला ऐकवले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम आवश्यक केला, हे खरे. परंतु त्यात संख्यात्मक पद्धतींचा समावेश ‘असू शकतो’, एवढेच म्हटले होते. ‘असू शकतो’चे ‘असलाच पाहिजे’ आपण केले. विध्यर्थ आणि शक्यार्थ यांतला भेद मराठीच्या विभागांना कळू नये, याला काय म्हणावे?

आमची मागणी अवघड नाही. ज्या विषयाला मोजणी लागत नाही, तिथे ती लादू नये. जिथे लागते, तिथे संख्याशास्त्राच्या सहकाऱ्याकडे काम सुरू होण्यापूर्वी जावे. आकडे गोळा झाल्यावर सही मागायला नव्हे. पी ०.०००’ असे छापू नये. संभाव्यता शून्य नसते, तिथे ‘०.००१ पेक्षा कमी’ लिहावे. आणि परीक्षकांनी तक्ता झाकून उमेदवाराला विचारावे, ‘तुम्हाला काय आढळले, ते चार मराठी वाक्यांत सांगा.’ ती चार वाक्ये येईपर्यंत प्रबंधावर सही करू नये. आम्ही यापुढे करणार नाही.