पाण्याचा हिशेब आणि लोकशाहीचे शिक्षण

लोकशाही शिकविण्याचे काम आपल्याकडे नागरिकशास्त्राच्या पुस्तकावर सोपविण्यात आले आहे. ग्रामसभा म्हणजे काय, सरपंचाचे अधिकार कोणते, या प्रश्नांची उत्तरे विद्यार्थी पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि निकाल लागताच विसरून जातो. वयाची 18 वर्षे पूर्ण होऊन मतदार यादीत नाव आले की तो कायद्याने ग्रामसभेचा सदस्य होतो. सभेला मात्र तो क्वचितच फिरकतो. दोष तरुणांच्या माथी मारणे सोपे आहे. परंतु ज्या गोष्टीचा सराव कधी करून घेतला नाही, तिची गोडी त्यांना लागावी कशी?

नगर तालुक्यातील हिवरे बाजारकडे या दृष्टीने पाहावयास हवे. 1972 च्या दुष्काळानंतर हे गाव खचत गेले. डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, माणसे पोटासाठी बाहेर पडली. 1989 मध्ये देशात मतदानाचे वय 21 वरून 18 वर आले. त्याच सुमारास गावातील तरुणांनी पोपटराव पवार या उच्चशिक्षित तरुणास सरपंचपद स्वीकारण्याचा आग्रह केला. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, डोंगरावरील चर आणि 2020 मध्ये जाहीर झालेली पद्मश्री, ही पुढची कथा सर्वश्रुत आहे. त्यामानाने दुर्लक्षित राहिला तो गावाचा पाण्याचा ताळेबंद. पावसाळा सरला की किती पाऊस पडला आणि विहिरींना किती पाणी आहे, याचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडला जातो. माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढावयाचे, उरेल त्यावर पिके ठरवावयाची, असा हा क्रम. ऊस व केळी यांना मनाई आणि शेतीसाठी कूपनलिकांना बंदी, हे निर्णयही गावानेच घेतले. आपल्या शेतात काय पेरावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न येथे साऱ्या गावाचा झाला.

राज्यभरातून शाळा-महाविद्यालयांच्या सहली येथे येतात. विद्यार्थी झाडे पाहतात, व्याख्यान ऐकतात, छायाचित्रे काढतात आणि सायंकाळी परततात. सोबत नेतात ते कौतुक. पद्धत मागेच राहते. वास्तविक 1969 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरे हाताशी आहेत. त्यांतील दोन दिवस जरी असल्या हिशेबाला दिले, तरी पुष्कळ साधेल. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला म्हणजे 10,000 लिटर पाणी. 300 मिलिमीटर पडला तर 30 लाख लिटर. त्यांतील बरेचसे वाहून जाते, उन्हाने उडते. मुरते ते थोडे. हे गणित दहावीचा विद्यार्थीही करू शकतो. नंतर कोणी विहीर बागायतदार व्हावे, कोणी कोरडवाहू शेतकरी, कोणी दूध उत्पादक, कोणी भूमिहीन मजूर स्त्री. आणि उरलेल्या पाण्याची वाटणी सर्वांनी मिळून ठरवावी. आपले म्हणणे मान्य झाले नाही तरी झालेला निर्णय पाळावयाचा असतो, हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा अशा बैठकीत लवकर उमगतो.

ही कल्पना परकी नाही, तशीच नवीही नाही. डेन्मार्कमधील रोडिंग येथे 1844 मध्ये ग्रामीण तरुणांसाठी परीक्षाविरहित लोकविद्यालय निघाले. पुढे त्या देशात शेतकऱ्यांच्या सहकारी दुग्धशाळा उभ्या राहिल्या, त्यांमागे या विद्यालयांनी घडविलेली पिढी होती, असे मानले जाते. आज युरोपात तरुणांना लोकशाहीकडे वळविण्यासाठी अनौपचारिक कार्यशाळांचा आधार घेतला जातो. 1950 मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभारणाऱ्या नगर जिल्ह्याला एकत्र बसून हिशेब करण्याचे महत्त्व परक्याने सांगावयास नको.

एक आक्षेप मात्र टाळता येणार नाही. हिवरे बाजारची ग्रामपंचायत तीन दशके बिनविरोध निवडली गेली. जानेवारी 2021 मध्ये मतदान झाले, तेव्हा पवार यांच्या पॅनेलने सर्व सातही जागा जिंकल्या. एकमताने गावाची शक्ती वाचते, हे खरे. पण एका कर्तबगार नेतृत्वाच्या छायेत वाढलेल्या तरुणास विरोधी मत मांडण्याचा सराव कोठे मिळावा, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. ते मतदान म्हणजे गावाच्या एकीला लागलेले गालबोट, असे समजण्याचे कारण नाही. मतभेद मोजून पाहिल्यावरही जे टिकते, तेच खरे एकमत. म्हणून शिबिरातील बैठकीत विरोध करणाऱ्यालाही पुरता वेळ मिळाला पाहिजे. हो म्हणावयास शिकविणाऱ्या शिबिरांची उणीव आपल्याकडे कधीच नव्हती.

तेव्हा शिक्षकांनी हिवरे बाजारची सहल जरूर न्यावी. पण तिची परीक्षा परतल्यावर घ्यावी. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवशी गावोगाव ग्रामसभा भरविण्याची प्रथा आहे. सहलीला गेलेल्या 18 वर्षांवरील विद्यार्थ्याने आपल्या गावच्या सभेत उभे राहून, यंदा गावात पाऊस किती पडला आणि त्यांतील पाणी किती उरले, एवढे जरी विचारले, तरी त्याचे शिक्षण सुरू झाले असे म्हणता येईल. उत्तर देण्यासाठी सभेला हिशेब मांडावा लागेल. आणि गावाचेही शिक्षण तेथूनच सुरू होईल.