ओळखा पाहू तो शब्द!

मोकळा तास मिळाला की वर्गात एक खेळ हमखास रंगतो. एक जण फळ्यापाशी जातो आणि पाच-सहा लहान रेघा ओढतो. प्रत्येक रेघ म्हणजे इंग्रजी शब्दातले एक लपलेले अक्षर. बाकीच्यांनी एकेक अक्षर सांगायचे. ते शब्दात असेल तर रेघेवर बसते. नसेल तर बाजूच्या फासाच्या चित्रात एक रेघ वाढते. या खेळाचे भाऊबंद आता मोबाइलवरही आले आहेत. जॉश वॉर्डल यांनी तयार केलेला 'वर्डल' हा खेळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वांसाठी खुला झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' या वर्तमानपत्राने तो विकत घेतला. त्यात पाच अक्षरांचा शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा असतो.

काही मोठी माणसे या खेळाला वेळ घालवणे म्हणतात. मला तसे वाटत नाही. उलट, उर्दू माध्यमाच्या मुलामुलींनी तो मुद्दाम खेळावा, असे माझे मत आहे.

इंग्रजी स्पेलिंग म्हटले की तुमच्यापैकी अनेकांच्या पोटात गोळा येतो. 'आपल्याला हे कसे जमणार?' असे तुम्ही म्हणता. पण अपुऱ्या अक्षरांवरून पुरा शब्द ओळखणे, हे काम तुम्ही पहिलीपासून करत आला आहात! उर्दूत 'इस' आणि 'उस' हे दोन्ही शब्द अलिफ आणि सीन एवढ्या दोनच अक्षरांनी लिहितात. जेर आणि पेश वर्तमानपत्रात सहसा छापत नाहीत. तरीही तुम्ही वाचताना अडखळत नाही. वाक्य काय म्हणते आहे ते पाहून न लिहिलेला स्वर तुम्ही मनात भरता. मराठीत काना, मात्रा, वेलांटी सारे लिहिलेले असते. त्यामुळे मराठी वाचणाऱ्या मुलाला ही सवय फारशी लागत नाही. म्हणजे या खेळात तुम्ही दोन पावले पुढेच आहात. ('अंदाज' हा शब्दही पाहा, उर्दू आणि मराठी दोघींच्या घरी तो राहतो.)

आता आपल्या जुळे सोलापूरचेच उदाहरण घ्या. दुकानांच्या पाट्यांवर हे नाव इंग्रजीत लिहिताना 'जे, यू, एल, ई' एवढीच अक्षरे असतात. परगावचा माणूस ती पाहून 'ज्यूल' म्हणेल, नाहीतर 'जूल' म्हणेल. इंग्रजीत 'ळ' नाही आणि उर्दूतही नाही. मग तुम्ही ते नाव बरोबर कसे वाचता? कारण तो शब्द तुमच्या ओळखीचा आहे. हा भाग म्हणजे सोलापूरचा जुळा भाऊ, हेही तुम्हाला ठाऊक आहे. अक्षरे फक्त खूण करतात. शब्द आधी आपल्याजवळ असावा लागतो.

तरी खुणांचेही एक शास्त्र आहे आणि त्याची सुरुवात ज्यांनी केली, त्यांचे नाव तुम्हाला परके वाटणार नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी नावाचे थोर विद्वान होऊन गेले. गुप्त लिपीतील पत्रे कशी उलगडावीत, यावर त्यांनी ग्रंथ लिहिला. त्यांची युक्ती साधी होती. प्रत्येक भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, तर काही क्वचित येतात. गुप्त पत्रात जी खूण सर्वांत जास्त वेळा दिसते, ती बहुधा त्या भाषेतील सर्वांत जास्त वापरलेल्या अक्षराची असणार.

इंग्रजीत हा मान 'ई' या अक्षराचा आहे. त्यामागोमाग 'टी', 'ए', 'ओ' येतात. तारायंत्राच्या मोर्स लिपीत 'ई'साठी नुसता एक ठिपका आणि 'टी'साठी एक रेघ आहे, ती उगीच नाही. 'स्क्रॅबल' या खेळात 'ई'च्या १२ सोंगट्या असतात आणि 'क्यू'ची फक्त १. म्हणून 'ई'ला १ गुण मिळतो, तर 'क्यू'ला १०. फळ्यासमोर उभे राहून पहिल्याच फटक्यात 'झेड' सांगणारा गडी शूर असेल, शहाणा नव्हे. तुम्ही एखाद्या उर्दू वर्तमानपत्रातील शंभर शब्द घेऊन त्यांतील अक्षरे मोजा. कोणते अक्षर पहिले येते ते स्वतःच पाहा.

पण नुसते मोजूनही भागत नाही. समजा, 'वर्डल' खेळताना शेवटची चार अक्षरे मिळाली : आय, जी, एच, टी. पहिले तेवढे अडले आहे. आता शब्द कोणता? एट, फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट असे आठ शब्द लगेच आठवतात. घाईचा खेळाडू ते एकेक करून टाकत जाईल आणि त्याचे प्रयत्न संपतील. विचार करणारा 'फिल्म्स' हा शब्द टाकेल. तो उत्तर नाही, हे त्याला पक्के माहीत असते. परंतु त्यात एफ, एल, एम आणि एस या चारही अक्षरांची एकदम परीक्षा होते. त्यांपैकी एक लागले तर उत्तर मिळाले. नाही लागले तर पुढचा शब्द 'एंटर'. त्यात ई, एन, आर ही अक्षरे तपासली जातात. तीही नसतील तर उरतो फक्त 'टाइट'. ज्या प्रश्नाचे 'नाही' हे उत्तरसुद्धा आपल्याला काही शिकवते, तो प्रश्न चांगला. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत याहून वेगळे काय करतात?

म्हणूनच मला एक गोष्ट मुळीच आवडत नाही. मिळालेली अक्षरे मोबाइलमध्ये भरायची, मोबाइलने सारे शब्द ओळीने दाखवायचे आणि त्यातला एक उचलून फळ्यावर लिहायचा! असा जिंकलेला मुलगा त्या शब्दाचा अर्थ विचारला की खाली मान घालतो. खेळ संपल्यावर मोबाइलमधला शब्दकोश जरूर उघडा आणि हरलेल्या शब्दाचा अर्थ पाहा. हरलेला शब्द फार दिवस लक्षात राहतो. मात्र खेळ चालू असताना तो खिशातच असू द्या.

आणखी एक गोष्ट मनाला टोचते. ती म्हणजे फासाचे चित्र. सोलापूरच्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चार देशभक्तांना इंग्रज सरकारने १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. कुर्बान हुसेन तर 'गझनफर' नावाचे वर्तमानपत्र चालवत, म्हणजे अक्षरांशीच त्यांचे नाते होते. या चौघांचे पुतळे आपल्या शहरात उभे आहेत. त्याच शहरातील मुलांनी एक अक्षर चुकले म्हणून हसत हसत माणूस फासावर चढवावा, हे मला बरे वाटत नाही. खेळ तोच ठेवा, चित्र बदला. फळ्यावर आठ पट्ट्यांची एक सोलापुरी चादर काढा. अक्षर चुकले की एक पट्टी पुसा. चादर पूर्ण पुसली गेली की डाव गेला.

आता चादर काढाच. फळ्यावर पाच जागा आहेत. शेवटची चार अक्षरे मिळाली आहेत : ए, टी, सी, एच. मला बॅच, कॅच, हॅच, लॅच, मॅच, पॅच आणि वॉच असे सात शब्द दिसतात. 'सी' आणि 'एच' ही अक्षरे शब्दात आधीच आहेत, ही यातली मेख. या सातांतले जास्तीत जास्त शब्द एका फटक्यात वेगळे पाडील, असा कोणता पाच अक्षरी शब्द तुम्ही टाकाल?