देणगीदाराचे नाव मतदानाआधी

महाराष्ट्र विधानसभेसाठी २० नोव्हेंबर २०२४ रोजी मतदान झाले. त्या सुमारास ज्यांनी पक्षांना मोठ्या देणग्या दिल्या, त्यांची नावे निवडणूक आयोगाकडे जाणार होती ती आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या वार्षिक अहवालातून. मतदाराला ती कळायला जवळजवळ वर्ष लागते. तोवर सरकार बसलेले असते, खाती वाटून झालेली असतात, निविदा निघालेल्या असतात. निवडणूक रोखे रद्द झाल्यानंतरची ही कायदेशीर स्थिती आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पक्षनिधीचा प्रश्न मिटला असे मानणाऱ्यांनी ती नीट पाहावी.

धनिकांचा पैसा राजकारणात नकोच, हे म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमले, त्यात गरिबांचे आणे होते तसे व्यापाऱ्यांचे लाखही होते. वर्ध्याचे जमनालाल बजाज वर्षानुवर्षे काँग्रेसचे खजिनदार होते. सत्तेविरुद्ध उभे राहणाऱ्याला पैसा कुठून तरी आणावाच लागतो, आणि कधी कधी तो देण्याची हिंमत एखाद्या श्रीमंतातच असते. मात्र त्या देणगीदारांना सरकारकडून मिळण्यासारखे काही नव्हते. गमावण्यासारखे पुष्कळ होते. आज कंत्राट, परवाना, जमीन आणि तपासयंत्रणा ज्याच्या हाती, त्यालाच सर्वांत जास्त देणगी मिळते. फरक इथे पडला.

या फरकाची जाणीव मुंबई उच्च न्यायालयाला १९५७ मध्येच झाली होती. राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला आपल्या घटनापत्रात (मेमोरँडममध्ये) बदल हवा होता. कायद्यात आडकाठी नसल्याने न्यायालयाने परवानगी दिली, पण मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी या वाटेने लोकशाहीचाच गळा आवळला जाईल असा इशारा देऊन संसदेला लक्ष घालायला सांगितले. संसदेने आधी १९६० मध्ये मर्यादा घातली आणि १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी आणली.

बंदीने काय साधले, हे महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना इंदिरा गांधींच्या नावाने निघालेल्या प्रतिष्ठानाला देणग्या मिळत होत्या आणि त्याच काळात टंचाईतले सिमेंट बांधकाम व्यावसायिकांना मिळत होते. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध आहे, असा निष्कर्ष न्यायमूर्ती लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये काढला आणि अंतुले यांना पद सोडावे लागले. फौजदारी खटला पुढे वर्षानुवर्षे रेंगाळला, तो भाग वेगळा. पक्षाची दारे कायद्याने बंद असताना पैसा दुसऱ्या दाराने आला, एवढे त्यातून दिसले. पण देणगी आणि सिमेंट या दोन्हींच्या नोंदी होत्या, म्हणूनच न्यायालयाला त्या शेजारी ठेवून पाहता आल्या, ही गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते.

१९८५ मध्ये बंदी उठली. नफ्याच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत कंपन्यांना देणगी देता येऊ लागली. २०१३ च्या कंपनी कायद्यात ही मर्यादा साडेसात टक्के झाली. २०१७ मध्ये ती काढून टाकली गेली आणि २०१८ पासून देणगीदाराचे नाव उघड न करणारे निवडणूक रोखे आले.

रोख्यांच्या बाजूचा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नव्हता. रोकड जाऊन पैसा बँकेतून येईल, आणि विरोधकांना देणगी देणाऱ्या उद्योजकाला सूडाची भीती राहणार नाही, असे तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली सांगत होते. ती भीती खरी आहे. कोणत्याही औद्योगिक वसाहतीतला कारखानदार ती खासगीत सांगेल. पण रोखे विकणारी बँक सरकारी होती. नाव लपत होते ते मतदारापासून. सत्तेला हवे तर ते कळण्याची वाट खुली होती. म्हणजे भीती तशीच राहिली आणि माहिती तेवढी गेली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने योजना घटनाबाह्य ठरवली, नफ्याची मर्यादा काढणारी दुरुस्तीही रद्द केली. त्यानंतर उघड झालेल्या आकड्यांत एप्रिल २०१९ पासूनचे भाजपचे सहा हजार कोटींहून अधिक होते. तृणमूल काँग्रेसचे सोळाशे कोटींच्या आसपास, तेलंगणातील भारत राष्ट्र समितीचे बाराशे कोटींच्या वर. पैसा विचारसरणी पाहून गेलेला नाही. जिथे सत्ता तिथे गेला. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने रोखे नाकारून न्यायालयात दाद मागितली, हे त्यांच्या श्रेयाचे.

तपासयंत्रणांच्या धाडीनंतर काही महिन्यांत रोखे घेणाऱ्या कंपन्याही उघड झालेल्या यादीत निघाल्या. तारखा जवळ असणे हा लाचेचा पुरावा नव्हे, हे मान्य करायला हवे. याच्या चौकशीसाठी विशेष तपास पथकाची मागणी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये फेटाळली. तरीही मतदाराला न्यायालयाइतका पुरावा लागत नाही. त्याला मत देण्यापूर्वी विचार करायला पुरेल एवढी माहिती लागते.

सरकारी खर्चाने निवडणुका लढवाव्यात, हा पर्याय इंद्रजित गुप्ता समितीने १९९८ मध्ये मर्यादित स्वरूपात मांडला होता. सरकारी पैसा घेऊन पक्ष थैलीशहांचा पैसा नाकारतील याची हमी मिळेपर्यंत मी त्याच्या बाजूने नाही. खरी गळती दुसरीकडे आहे. मोठ्या राज्यांत विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाखांची, लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची. पक्षाला मर्यादाच नाही. पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही मोजला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये म्हटले, तर संसदेने त्याच वर्षी कायदा बदलून ते निष्प्रभ केले. पक्षखर्चाला कमाल मर्यादा आणि एका उद्योगसमूहाच्या एकूण देणगीलाही मर्यादा, या दोन्ही हव्यात. सूडाच्या भीतीवरही हाच त्यातल्या त्यात बरा उतारा आहे: कोणाचीच देणगी एवढी मोठी नसेल की ती न दिल्याचा राग धरावा किंवा दिल्याचे उपकार मानावेत. भीती त्याने पूर्ण जाणार नाही. लहान शहरातल्या ज्या व्यावसायिकाचे नाव उघड होईल, त्याला त्याची किंमत मोजावी लागू शकते, आणि म्हणून वीस हजारांपर्यंतच्या देणगीदाराचे नाव जाहीर न करण्याची सध्याची सवलत राहावी असे मला वाटते. कोट्यवधी देणाऱ्या कंपनीला तो आडोसा मागता येणार नाही.

हे कायदे करायचे ते ज्यांना या पैशाचा फायदा होतो त्यांनीच. परदेशी देणग्यांबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये भाजप आणि काँग्रेस या दोघांनाही दोषी धरले, तेव्हा चार वर्षांत कायदाच पूर्वलक्षी प्रभावाने बदलला गेला आणि ती दुरुस्ती असलेले वित्त विधेयक लोकसभेत चर्चेविना मंजूर झाले. म्हणून संसदेची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. प्रचाराच्या काळात आलेली प्रत्येक मोठी देणगी आठवड्याच्या आत आपल्या संकेतस्थळावर टाकायला कोणत्याही पक्षाला आजही कायद्याची बंदी नाही. पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाला पत्रकारांनी आणि मतदारांनी ही यादी मागावी, मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंतची.