दोन तास छाती दाबायला शिकवा

विहिरीवरचा पंप चालू करताना शॉक बसून माणूस पडला, तर त्याच्यापाशी आधी कोण पोचतं? डॉक्टर नव्हे. घरचं माणूस, शेजारी, नाहीतर शाळेतून घरी आलेलं पोर. हृदय थांबलं की चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. १०८ ची गाडी बोलवायचीच. पण आपल्या महामार्गावरची कोंडी तुम्हाला ठाऊक आहे, आणि अर्नाळा किल्ल्यावर तर होडीशिवाय कोणी येऊच शकत नाही. तोवर काय करायचं?

छाती दाबून रक्त फिरतं ठेवायचं. यालाच सीपीआर म्हणतात. सातवीपासून पुढे प्रत्येक शाळेत ते शिकवलं पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. डेन्मार्कने २००५ सालीच ते शाळांत सक्तीचे केले. बाराव्या वर्षापासून वर्षाला दोन तास शिकवावे, या आवाहनाला जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये पाठिंबा दिला. दोन तास तर आपल्याकडे स्नेहसंमेलनाच्या भाषणांतच जातात!

माणूस हाकेला ओ देत नाही, श्वास नीट चालत नाही, असे दिसले की त्याला सपाट जमिनीवर उताणा निजवावा. छातीच्या मधोमध हातावर हात ठेवून, कोपरे ताठ धरून, सुमारे दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबावे. वाचायला सोपे, पण हाताला सवय लागते. लहान पोराचा जोर कमी पडेल, हे कबूल. पण तेच पोर फोन लावील, मेन स्विच बंद करील.

आपल्याकडे शिकवताना शेतीची जोड हवी. शॉक बसलेल्याला वीज बंद केल्याशिवाय हात लावू नये. बुडालेल्याला पालथा घालून पोट दाबण्यात वेळ घालवू नये. त्याला तोंडाने श्वासही द्यावा लागतो. फवारणीचे औषध बाधलेल्याला मात्र तोंडाने श्वास देऊ नये, देणाऱ्यालाही विष बाधेल.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, म्हणजे तुम्हीच. ठराव करा. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवावे. सरावाचा पुतळा नसेल तर पेंढ्याने घट्ट भरलेले पोते चालेल. पालकांनाही त्याच तासाला बसवा. फक्त तारीख लावणी-कापणीच्या दिवसांत धरू नका, नाहीतर एकही पालक यायचा नाही.