भिकू म्हात्रे आणि स्वभावाचा दाखला

आमच्या वर्गांतील एका मुलानें यंदां एका लहान मुलास मारिलें. कारण विचारतां तो म्हणाला, "सर, माझा स्वभावच तसा आहे. भिकू म्हात्रेचा आणि माझा प्रकार एकच निघाला!" घरीं मोबाईलवर एक प्रश्नावली सोडवून त्यानें हा दाखला मिळविला होता. त्या वेळीं मला नीट उत्तर सुचलें नाहीं. तें येथें देतों.

भिकू म्हात्रे हा रामगोपाल वर्मा यांच्या 'सत्या' (१९९८) या हिंदी बोलपटांतील, मुंबईच्या एका गुंडटोळीचा कल्पित म्होरक्या. ही भूमिका वठविणारे मनोज बाजपेयी यांस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

माणसांचे प्रकार पाडण्याची हौस जुनीच आहे. ग्रीक वैद्यांनीं चार रसांवरून चार स्वभाव कल्पिले. आपल्याकडे त्रिगुण सांगितले. स्विस मानसशास्त्रज्ञ युंग यांनीं १९२१ सालीं अंतर्मुख व बहिर्मुख हा भेद मांडला. त्याच्या आधारें अमेरिकेंतील कॅथरिन ब्रिग्ज व इझाबेल मायर्स या मायलेकींनीं सोळा प्रकार ठरविले. 'एनिआग्राम' या दुसऱ्या पद्धतींत नऊ प्रकार आहेत. त्यांतील आठवा, आव्हान देणारा, भिकूस चांगलाच लागू पडतो. निधडेपणा, सत्तेची ओढ, आपल्या माणसांवर छत्र धरण्याची वृत्ति हीं त्याचीं लक्षणें. तुरुंगांत ज्याच्याशीं हातघाई झाली, त्या सत्याचें धाडस पाहून भिकू त्यालाच मित्र करितो.

परंतु पुरांत होडी घालणाऱ्या नावाड्याचा प्रकारही आठवाच निघूं शकेल. मग एक जीव घेतो आणि दुसरा जीव वांचवितो, हा भेद कोणत्या रकान्यांत लिहावयाचा? प्रश्नावली माणसाचा कल सांगते. त्या कलाचें त्यानें काय केलें, हें विचारीत नाहीं. शिवाय तीच परीक्षा कांहीं आठवड्यांनीं पुन्हां दिली असतां पुष्कळांचा प्रकार बदलतो. म्हणून आजचे बहुतेक संशोधक माणसांस खणांत न घालतां, कोणता गुण किती प्रमाणांत आहे तें मोजतात.

भिकूचा घातही त्याच्या प्रकारानें झाला नाहीं. वैऱ्यास मारूं नको, असें त्याचा पाठीराखा पुढारी बजावतो. तरी भिकू सूड पत्करतो, आणि पुढें तोच पुढारी त्यास गोळी घालतो. धाडस स्वभावाचें होतें. पिस्तूल उचलणें ही निवड होती.

समर्थांनीं दासबोधाच्या दुसऱ्या दशकांत मूर्खाचीं लक्षणें सांगितलीं, तीं मिरविण्यासाठीं नव्हेत, टाकण्यासाठीं. पालकहो, 'आमचा बाळ तापटच!' असें पाहुण्यांदेखत म्हणतांना आपण त्याच्या हातीं सबबच देत असतों. आम्ही शिक्षकही 'उनाड' असा शेरा मारून मोकळे होतों; हा दोष माझ्याकडूनही घडला आहे.

त्या मुलाकडे आतां शाळा सुटल्यावर देवरुखच्या एस्. टी. स्थानकावर लहान मुलांची रांग लावून त्यांना सांभाळून गाडींत चढविण्याचें काम दिलें आहे. आवाज अजून दांडगाच आहे. मारल्याची तक्रार मात्र अद्याप आलेली नाहीं.